दुर्योधन स्वर्गात आधी पोचला होता

महाभारताच्या अगदी शेवटी, म्हणजे युद्ध संपलं, राज्य करून झालं, कृष्णही गेला, मग पाच भाऊ आणि द्रौपदी सगळं सोडून हिमालयाकडे चालायला लागले आणि वाटेत एकेक जण पडत गेला, त्या सगळ्यानंतर धर्मराज एकटा देहासकट स्वर्गात पोचतो. आणि तिथे त्याला आधी कोण दिसतं, तर दुर्योधन. नुसता दिसत नाही, चांगला आसनावर बसलाय, सूर्यासारखा चमकतोय, आजूबाजूला देव. हे अठरावं पर्व, स्वर्गारोहण पर्व, अगदी लहानसं आहे, आणि मला वाटतं बरेच लोक तिथपर्यंत पोचतच नाहीत, कारण गदायुद्ध झालं, मांडी फुटली, हिशोब मिटला, आता पुढे काय वाचायचं.

तर युधिष्ठिर, जो आयुष्यभर चिडला नाही म्हणून बायकोची आणि भीमाची बोलणी खात आला, तो स्वर्गात उभा राहून चिडतो. याच्याबरोबर मला राहायचंच नाही म्हणतो, माझे भाऊ जिथे असतील तिथे न्या मला. नारद हसून सांगतात की इथे वैर वगैरे चालत नाही, याने क्षत्रियधर्माप्रमाणे रणात देह ठेवला, भयंकर प्रसंगातही घाबरला नाही, म्हणून हा इथे आहे. (हे उत्तर मला अजिबात पटलेलं नाही. घाबरला नाही म्हणून स्वर्ग? भरसभेत जे केलं त्याचं काय?) मग एक देवदूत युधिष्ठिराला वाट दाखवत नेतो, अंधार, घाण वास, प्रेतं, किडे, आणि तो परत फिरणार एवढ्यात आवाज येतात, थांब ना जरा, तुझ्या अंगावरून वारा येतोय त्याने आम्हाला बरं वाटतंय. कोण तुम्ही विचारलं तर एकेक उत्तर येतं. मी कर्ण. मी भीम. मी अर्जुन. मी द्रौपदी.

तेव्हा हा माणूस, साक्षात धर्माचा मुलगा, देवांना आणि धर्मालाच दूषणं देतो. आणि दूताला सांगतो, जा तू, ज्यांनी तुला पाठवलं त्यांना सांग मी इथेच राहणार.

पुढे इंद्र येतो, ते सगळं नाहीसं होतं, आणि खुलासा मिळतो की ज्यांचं पाप जास्त त्यांना आधी थोडा स्वर्ग मिळतो, ज्यांचं पुण्य जास्त त्यांना आधी नरक बघावा लागतो, आणि तू द्रोणाला त्याच्या मुलाबद्दल फसवलं होतंस म्हणून तुलाही फसवूनच नरक दाखवला. ठीक आहे. व्यवस्थित उत्तर आहे, कुठे भोक नाही. पण मी जेव्हा जेव्हा हे वाचते तेव्हा मला तो खुलासा नीट आठवत नाही, आठवतो तो मधला वेळ, जेव्हा दुर्योधन आसनावर आहे आणि द्रौपदी त्या घाणीत आहे आणि अजून कोणी येऊन काहीही समजावलेलं नाही. आपलं सगळ्यांचं आयुष्य त्याच मधल्या वेळेत जातं असं मला वाटतं, आणि इंद्र येईल की नाही हे आपल्यापैकी कोणाला आधीच कळत नाही.

आता यावर आपल्या भाषेत म्हणींची कमतरता नाही. पेरावं तसं उगवतं. करावं तसं भरावं. देवाच्या काठीला आवाज नसतो. पापाचा घडा भरला की फुटतो. आणि माझी सगळ्यात आवडती, खरं तर नावडती, शंभर भरले की संपला. ती शिशुपालावरून आलेली. कृष्णाने आत्याला शब्द दिला होता की तुझ्या मुलाचे शंभर अपराध पोटात घालीन, मग राजसूय यज्ञात शिशुपाल शिव्या देत सुटला, हद्द झाली, आणि सुदर्शनचक्र आलं. लहानपणी मला ही गोष्ट भारी वाटायची, कारण त्यात मोजणारा आहे, आणि मोजणाऱ्याचं गणित पक्कं आहे. मोठेपणी मूळ गोष्ट वाचली आणि पंचाईत झाली, कारण कृष्ण तिथे भरसभेत शिशुपालाचे आधीचे उद्योग सांगतो, आम्ही बाहेर असताना याने द्वारका जाळली, वसुदेवांच्या यज्ञाचा घोडा पळवला, बभ्रूची बायको पळवून नेली. आणि मी तिथेच अडकले. त्या बायकोचं काय? शिशुपालाच्या यादीत ती नुसता एक आकडा आहे, शंभरातला कुठलातरी. शेवटी चक्र आलं ते बरंच झालं, पण तिला पळवलं त्या दिवशी मोजणारा मोजत होता आणि थांबला होता. देवाच्या घरी उशीर आहे पण अंधार नाही असं म्हणणारे लोक मला नेहमी असे वाटतात की त्यांनी तो उशीर स्वतः कधी काढलेला नाही.

मी काढलाय थोडा, म्हणून हे लिहितेय.

माझ्या बाबांचा एक पार्टनर होता. मी जन्मायच्या आधीपासूनचा धंदा दोघांचा, आम्ही त्यांना काकाच म्हणायचो, त्यांच्या मांडीवर बसून मी हट्ट केलेले आहेत. तर काकांनी हळूहळू, कोणाला कळू न देता, काकूच्या नावाने दुसरी फर्म काढली, ऑर्डरी तिकडे वळवल्या, चांगली गिऱ्हाईकं तिकडे नेली, आणि जुन्या फर्ममध्ये काय ठेवलं तर कर्ज. कर्जावर गॅरंटर म्हणून बाबांची सही. बाबांना जेव्हा कळलं तेव्हा कळण्यासारखं काही उरलंच नव्हतं. घर विकलं. बाबा म्हणाले माझी सही आहे, मला फेडावं लागणार, आणि त्यांनी ते फेडलं, निवृत्त व्हायच्या वयात दुसऱ्याकडे नोकरी करून फेडलं, आणि या सगळ्यात काकांना एक वाकडा शब्द बोलले नाहीत. याचाही मला राग यायचा, खरं सांगायचं तर काकांपेक्षा जास्त यायचा.

आणि काका? मस्त. अगदी मस्त चाललंय. तब्येत ठणठणीत, मुलं सेटल, घरात माणसांची ये-जा, आणि देणग्या देतात म्हणून देवळाच्या भिंतीवर संगमरवरी पाटीत त्यांचं नाव कोरलंय. देवाच्याच भिंतीवर. म्हणजे मी देवाकडे तक्रार घेऊन जाऊ तर आधी ती पाटी वाचून मग आत जायचं.

बायबलमध्ये एक स्तोत्र आहे, 73 वं, आसाफ नावाच्या गायकाच्या नावावर आहे ते. त्यात तो सरळ कबूल करतो की माझा पाय घसरायचाच बाकी होता, कारण दुष्ट लोकांची भरभराट बघून मला त्यांचा हेवा वाटला. त्यांना मरताना यातना नाहीत, त्यांची शरीरं धडधाकट आहेत, बाकीच्यांना असतात तसल्या कटकटी त्यांना नाहीत, मग मी आपलं मन स्वच्छ ठेवलं ते फुकटच की काय. मला हा शब्द फार प्रामाणिक वाटला, हेवा. आपण बोलताना न्याय न्याय म्हणतो, पण माझ्याबाबतीत तरी त्यात भरपूर हेवा मिसळलेला आहे. काकांनी पैसे परत करावेत, मला नुसतं एवढंच हवं नव्हतं. मला त्यांच्यासारखी गाढ झोप हवी होती, जी त्यांना लागते असं काकू सगळ्यांना सांगतात, उशीला डोकं टेकलं की घोरायला लागतात म्हणे. पापी माणसाला झोप लागत नाही, मन खातं, आतून जळत असतो, हे आपण स्वतःची समजूत काढायला म्हणतो. काहींना मन खातं, मान्य. काहींना अजिबात खात नाही आणि ती माणसं पोटभर झोपतात. ज्याला टोचणी लागते त्याच्यात अजून काहीतरी शाबूत असतं, म्हणजे टोचणी हीच जर शिक्षा असेल तर ती बरोबर त्यालाच मिळते ज्याला तिची कमी गरज आहे. ही व्यवस्था काय कामाची?

आसाफ पुढे म्हणतो की मी देवाच्या पवित्र स्थानी गेलो आणि मला त्यांचा शेवट कळला, ते निसरड्या जागेवर उभे आहेत. मी गेले तर मला पाटी दिसली, पण ते जाऊ दे.

मग एक गोष्ट घडली. काकांच्या धाकट्या मुलाचा अपघात झाला, बाईकवरून पडला, पाय वाईट मोडला, बरेच महिने अंथरुणावर. मला आत्याचा फोन आला. माझी आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, अत्यंत प्रेमळ बाई, त्या सगळ्या वाईट काळात तिने आम्हाला धरून ठेवलं. ती फोनवर म्हणाली, "बघितलंस? देव आहे." आणि मला आनंद झाला. लपवण्यात अर्थ नाही, आतून एकदम गोड काहीतरी झिरपलं, वाटलं आलं, शेवटी उत्तर आलं.

फोन ठेवल्यावर मी तसंच कामाला लागले, आणि काम करता करता आईची आठवण आली. घर विकलं त्यानंतर काही वर्षांनी आईला कॅन्सर झाला होता. माझी आई म्हणजे, जाऊ दे, प्रत्येकाला आपली आई तशीच वाटते, पण तिने खरंच कोणाचं कधी काही वाईट केलं नव्हतं. आणि तेव्हा हीच आत्या, आईच्या केसांवरून हात फिरवत, डोळ्यात पाणी आणून म्हणाली होती, "गेल्या जन्मीचं काहीतरी असणार गं, नाहीतर एवढ्या चांगल्या बाईला कसं होईल हे." तिच्या मनात काही वाईट नव्हतं. ती आईवर देवाची बाजू घेऊन आरोप करत नव्हती, ती फक्त हिशोब जुळवत होती. पण दोन्ही वाक्यं एकाच गणितातली आहेत हे मला त्या दिवशी लख्ख दिसलं. काकांच्या मुलाचा पाय हा जर देवाचा निकाल असेल तर आईचा कॅन्सरही निकालच असला पाहिजे. एक वाचायचं आणि दुसरं सोडायचं असं चालणार नाही. आणि त्या मुलाने तरी काय केलं होतं? फर्म निघाली तेव्हा तो शाळेत होता.

जुन्या करारातल्या ईयोबाची गोष्ट याच जागेवर बोट ठेवते. सज्जन माणूस, एका झटक्यात मुलंबाळं, गुरंढोरं, तब्येत सगळं गेलं. त्याचे तीन मित्र भेटायला येतात आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ नुसते बसून राहतात, एक शब्द बोलत नाहीत. तिथपर्यंत ते उत्तम मित्र आहेत. मग तोंड उघडतात आणि सगळं बिघडतं, कारण तिघांचं म्हणणं फिरून फिरून तेच, देव न्यायी आहे, तुझ्यावर संकट आलंय, म्हणजे तू काहीतरी केलं असणार, आठवून बघ. ईयोब ऐकत नाही. तो उलट विचारतो की दुष्ट लोक म्हातारे होईपर्यंत मजेत का जगतात मग? आणि गंमत म्हणजे शेवटी देव वादळातून बोलतो तेव्हा ईयोबाच्या प्रश्नाचं सरळ उत्तर काही देत नाही, पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास वगैरे विचारतो, पण राग कोणावर काढतो तर त्या तीन मित्रांवर, की तुम्ही माझ्याविषयी बरोबर बोलला नाहीत, हा बोलला. म्हणजे देवाची वकिली करणाऱ्यांना देवाने झापलं आणि भांडणाऱ्याला जवळ केलं.

हे नुसतं धर्मग्रंथातलं नाही. 1966 साली मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग छापला. विद्यार्थिनींना बसवून दाखवलं की एक मुलगी उत्तरं चुकली की विजेचे झटके खातेय. झटके खोटे होते, ती अभिनय करत होती, पण बघणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. ज्यांना तिचा त्रास थांबवायची संधी दिली त्यांनी तो थांबवला आणि त्यांना ती ठीकच वाटली. ज्यांना सांगितलं की हे असंच चालू राहणार आहे, त्यांना हळूहळू तीच मुलगी कमी आवडायला लागली, तिच्यातच काहीतरी खोट आहे असं वाटायला लागलं. काय झालं असेल ते मला बरोबर कळतं. जगात न्याय आहे हा विश्वास सोडणं फार जड जातं, त्यापेक्षा समोरच्या माणसाला थोडं वाईट ठरवणं सोपं. दैवी न्यायावरच्या श्रद्धेची ही बाजू कोणी सांगत नाही, की तिचा पहिला मार पापी माणसाला बसत नाही, दुःखात असलेल्याला बसतो.

आता कोणी म्हणेल, याच जन्मात कशाला बघतेस, संचित, प्रारब्ध, क्रियमाण असा कर्माचा सगळा पसारा आहे, हिशोब पुढच्या जन्मांत चालू राहतो. मी ते नाकारत नाही. किंबहुना इथल्या इथे हिशोब पुरा होत नाही हे इतकं उघड आहे की बहुतेक धर्मांना पुढचं काहीतरी मानावंच लागलं, कोणी पुनर्जन्म म्हणालं, कोणी कयामतचा दिवस. 1788 मध्ये जर्मन तत्त्वज्ञ कांटने सुद्धा हेच मांडलं की चांगुलपणा आणि सुख यांची सांगड या जगात बसत नाही, ती कुठेतरी बसलीच पाहिजे, म्हणून देव आणि अमर आत्मा गृहीत धरावे लागतात. गृहीत धरावे लागतात म्हणाला, सिद्ध झाले असं नाही म्हणाला, हा सभ्यपणा मला आवडतो.

इथल्या इथे बघायचं तर इतिहास फार थंड उत्तर देतो. इदी अमीनने 1971 ते 1979 युगांडावर राज्य केलं, त्या काळात किती माणसं मारली गेली याची मोजदाद लाखांच्या भाषेत होते, आणि तो 2003 मध्ये सौदी अरेबियात हॉस्पिटलमध्ये गेला, एकदाही कोर्टासमोर उभा न राहता. नाझींच्या छळछावणीत माणसांवर प्रयोग करणारा डॉक्टर मेंगेले 1979 मध्ये ब्राझीलच्या समुद्रात पोहताना मेला, कोणाच्या हाती न लागता. उलट त्याच व्यवस्थेतला, ज्यूंना त्या छावण्यांत पाठवायचं काम बघणारा अधिकारी आइकमन 1960 मध्ये अर्जेंटिनात सापडला आणि खटला चालून 1962 मध्ये फासावर गेला. दोघांच्या पापात असा काय फरक होता? एकाला माणसांनी शोधून काढलं आणि दुसरा निसटला, एवढाच. मला आइकमनच्या गोष्टीत देव दिसायचा असेल तर तो त्याला शोधत फिरणाऱ्या चिवट माणसांत दिसू शकतो, पण मग मेंगेलेच्या गोष्टीत तो कुठे गेला हे विचारायची सोय राहत नाही. म्हणून मी दोन्हीकडे बघणं सोडलंय.

आणि इथे मला एक चीड आहे ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. "देवावर सोड" हे वाक्य. बाबांना हे सगळ्यात जास्त कोणी सांगितलं माहितीये? ज्यांना खरं काय ते माहीत होतं आणि साक्ष द्यायची नव्हती त्यांनी. धंद्यातली माणसं होती, कागद त्यांच्या डोळ्यासमोर फिरले होते, आणि सगळे म्हणाले वरचा बघतोय, तुम्ही कशाला मनस्ताप करून घेता. अरे वरचा बघतोय पण तुम्हीही बघितलंय ना! द्यूतसभेत द्रौपदीने प्रश्न विचारला तेव्हा भीष्मांनी काय सांगितलं, धर्माची गती सूक्ष्म आहे, मला नीट ठरवता येत नाही. सूक्ष्म! समोर सुनेला केस धरून फरफटत आणलंय. त्या सभेत विदुर बोलला, आणि कौरवांपैकीच एक पोरगा, विकर्ण, उभा राहून म्हणाला की हे चूक आहे, आणि कर्णाने त्याला लहान तोंडी मोठा घास म्हणून गप्प केलं. बाकी सगळे ज्ञानी लोक धर्माच्या गतीचा विचार करत बसले. दैवी न्यायावर भरवसा ठेवा असं सांगणारा माणूस स्वतः त्या वेळी काय करतोय हे बघायची सवय मला तेव्हापासून लागली. आमच्या वकिलाने शेवटी सांगितलं की कागद असते, साक्षीदार असते आणि मुदतीत आला असतात तर काहीतरी झालं असतं. मुदत निघून गेली ती देवावर सोडण्यात.

संतांकडे बघितलं तर तिथेही दोन्ही सूर आहेत आणि मला ते दोन्ही लागतात. तुकोबा मेणाहून मऊ आहोत म्हणतात आणि त्याच अभंगात नाठाळाच्या टाळक्यात काठी घालायची भाषा करतात. आणि ज्ञानेश्वर, ज्यांच्या आईवडिलांना धर्माच्या नावाने देहान्त प्रायश्चित्त सांगितलं गेलं असं परंपरा सांगते, ज्यांना भावंडांसकट वाळीत टाकलं गेलं, ते शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी संपवताना देवाकडे काय मागतात तर खळांची व्यंकटी सांडो. खळ नाहीसे होवोत असं नाही, त्यांचा वाकडेपणा गळून पडो आणि सत्कर्माची गोडी वाढो. इतके वर्षं ते पसायदान म्हणताना मला ही ओळ गुळगुळीत वाटायची, सगळ्यांचं भलं होवो टाईप. एकदा मुद्दाम त्या जागी काकांचं नाव घालून म्हणून बघितली. घशातून आवाज निघेना. काकांचा पाय मोडो हे मागणं त्यापेक्षा कितीतरी सोपं आहे, कारण त्यात मला काकांचं काहीच बरं चिंतावं लागत नाही.

आणि तरी मी भरवसा ठेवते. आत्या मला विचारते, मग तुझा देवावर विश्वास नाही का? आहे. पण कसला, हे मला सांगता येतं ते युधिष्ठिर आणि द्रौपदीच्या वनातल्या भांडणातूनच. वनपर्वात द्रौपदी त्याला अक्षरशः सोलून काढते. म्हणते, धर्माचं रक्षण केलं की धर्म आपलं रक्षण करतो असं मोठ्यांकडून ऐकलंय मी, पण तुझं काही रक्षण करताना दिसत नाही बाबा तो. (जी ओळ लोक छातीठोकपणे फलकांवर लिहितात ती इथे एका संतापलेल्या बाईच्या तोंडी, टोमणा म्हणून आलीय.) विधाता माणसांना लाकडी बाहुल्यांसारखा नाचवतो म्हणते, दुर्योधनाला ऐश्वर्य देणाऱ्या त्या विधात्यालाच मी दोष देते म्हणते. युधिष्ठिर ऐकून घेतो, हे नास्तिकाचं बोलणं आहे म्हणून सुनावतोही, पण स्वतःबद्दल तो जे सांगतो ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. म्हणतो, मी फळासाठी धर्म करत नाही, द्यायचं म्हणून देतो, यज्ञ करायचा म्हणून करतो, धर्माचा व्यापार करणारा माणूस हलका. तिला पटत नाही. लगेच तिचं पुढचं भाषण सुरू होतं. आणि महाभारत तिला शिक्षा वगैरे काही करत नाही, दोघांना बोलू देतं.

बाबांनी कर्ज फेडलं ते यातलंच होतं, हे मला ते गेल्यानंतर कळलं. मी समजायचे ते देवाच्या न्यायाची वाट बघत गप्प बसलेत. ते वाट बघत नव्हते. त्यांना काकांच्या शेवटाशी देणंघेणंच उरलं नव्हतं, सही होती म्हणून फेडलं, विषय संपला, संध्याकाळी शब्दकोडं सोडवत बसायचे. मला ते जमलेलं नाही. मला अजून काकांचा शेवट हवा असतो, आणि तो मला दिसेल असा हवा असतो, माझ्या समोर, मी जिवंत असताना. पण या इच्छेला मी आता देवावरची श्रद्धा असं नाव देत नाही, एवढा फरक पडलाय. त्या इच्छेचं काय करायचं ते माझं मी बघेन. देवाकडे निकाल आहे असं मी धरून चालते, आणि तो मला वाचता येत नाही असंही धरून चालते, कोणाच्या मोडलेल्या पायात नाही, कोणाच्या गाठीत नाही, कोणाच्या गाढ झोपेत नाही, देवळातल्या पाटीत तर नाहीच नाही.

आत्याला हे सगळं मी समजावून बघितलं. ती म्हणाली तू फार वाचतेस. तिचा आपला हिशोब चालूच आहे, काकांची शुगर किती, बीपी किती, कोणत्या मुलाचं सुनेशी पटत नाही, सगळं तिला माहीत असतं आणि मी नको म्हटलं तरी ती मला सांगतेच. परवा फोन आला, काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणाली. कसं झालं विचारलं. "झालं चांगलं," ती इतक्या पडेल आवाजात म्हणाली की मला हसूच आवरेना, आणि मग तीही हसायला लागली, म्हणाली, "मेल्याला आता चष्मा पण नको."